शाळेतील प्रिंटर : घेणे आणि सांभाळणे



जून महिन्यात शाळांची दारे उघडतात आणि मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी पालकांची ये-जा सुरू होते. चौथी वा सातवी उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव दुसऱ्या शाळेत घालावयाचे असते व त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा असतो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघालेले कुटुंब मुलाचे शिक्षण हमी पत्रक मागावयास येते, तेव्हा तर बिऱ्हाड लादलेली गाडी वेशीवर उभी असते. नेमक्या अशा वेळी शाळेतील प्रिंटर कागद अडकल्याची खूण दाखवीत तांबडा दिवा लुकलुकवीत बसतो, किंवा चार ओळी ठळक उमटवून पाचव्या ओळीस फिका पडतो. पालक हात हलवीत परत जातो आणि त्याची एका दिवसाची मजुरी बुडते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या अधिनियमातील पाचवे कलम या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या बालकास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो; आणि दाखला येण्यास उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश लांबवावयाचा किंवा नाकारावयाचा नसतो. ‘यंत्र बिघडले आहे’ ही सबब त्या कलमास ठाऊक नाही. यास्तव प्रिंटरचा विषय वरवर क्षुल्लक दिसला तरी तो मुलाच्या हक्काशी येऊन भिडतो, आणि म्हणूनच त्याचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रिंटरविषयीची तक्रार एखाद्याच शाळेची नाही. ती जगभरची आहे. तिचे मूळ कारण समजून घेतले की निम्मा त्रागा आपोआप शमतो. संगणकाच्या पोटात जे काम चालते, ते बहुतांशी विजेच्या सूक्ष्म प्रवाहांचे असते. तेथे घासणारे, झिजणारे असे फारसे काही नसते. प्रिंटरला मात्र कागद, शाई, रबर, दाते, उष्णता यांच्याशी झुंजावे लागते. कागद दमट होतो, शाई वाळते, रबर गुळगुळीत होते, दात्यांत धूळ बसते. थोडक्यात, संगणकाच्या साऱ्या संसारात ऋतुमानाचा आणि धुळीचा सर्वात अधिक जाच कोणास होत असेल तर तो प्रिंटरला. म्हणून संगणकाप्रमाणे हेही यंत्र ‘एकदा घेतले की झाले’ असे मानणे हीच पहिली चूक होय. प्रिंटर ही विकत घेऊन ठेवण्याची वस्तू नसून दररोज निगा मागणारी बाब आहे. गोठ्यात जनावर आणणाऱ्याने वैरणीचा हिशेब अगोदर करावा लागतो, तसेच हे आहे.

प्रचारात असलेले प्रिंटर प्रामुख्याने तीन प्रकारचे. प्रत्येकाचा बिघाड त्याच्या घडणीतूनच उद्भवतो.

पहिला प्रकार डॉट मॅट्रिक्सचा. बँकेत पासबुक भरून घेताना कर्कश खरखर ऐकू येते, ती या यंत्राची. बारीक सुयांची एक ओळ शाईच्या फितीवर आपटते आणि कागदावर ठिपके उमटतात. ठोका पडत असल्यामुळे खाली कार्बन ठेवून एकाच वेळी दोन-तीन प्रती काढता येतात. आवाज फार, वेग कमी आणि अक्षर खडबडीत. परंतु फीत स्वस्त आणि प्रकृती दणकट. अशा दणकटपणामुळेच नवी यंत्रे येऊनही हा जुना कामगार कचेऱ्यांतून अद्याप पुरता निवृत्त झालेला नाही.

दुसरा प्रकार शाईचे तुषार उडविणाऱ्या इंकजेटचा. त्याच्या जन्माची एक हकिकत प्रसिद्ध आहे. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीत इचिरो एंडो या अभियंत्याच्या हातून डाख देण्याचे तापलेले हत्यार शाईने भरलेल्या सिरिंजच्या सुईस चुकून लागले आणि उष्णतेसरशी सुईच्या टोकातून शाई उडाली. शाई क्षणार्धात तापवावी, तिच्यात बुडबुडा निर्माण व्हावा आणि त्या रेट्याने थेंब कागदावर फेकला जावा, हे तत्त्व त्यातून हाती आले. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेही हेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधले आणि १९८४ साली त्यावर चालणारे यंत्र बाजारात आणले. काही यंत्रांत उष्णतेऐवजी विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या दाबाने थेंब उडवितात. तत्त्व कोणतेही असो, शाई ज्या छिद्रांतून बाहेर पडते ती केसाहूनही बारीक असतात.

या बारीकपणातच इंकजेटचे सारे दुखणे साठलेले आहे. त्याच्या शाईत पुष्कळसा अंश पाण्याचा असतो. मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद, खोलीची दारे बंद आणि बाहेर विदर्भ-मराठवाड्याचे कडक ऊन. महिनाभरात छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळून खपली धरते. जूनमध्ये यंत्र चालू केले की पांढऱ्या रेषा पडलेला कागद हाती येतो. मग शिक्षक ‘सफाई’ची आज्ञा देतो. यंत्र जोराने शाई ओढून छिद्रे मोकळी करते. पण ती ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत वाया जाते. सफाई पाच-सात वेळा केली की छपाईचे एक पानही न काढता बरीचशी शाई संपते. पुढे ती गादी भरत आली की कित्येक यंत्रे आपल्या मोजणीप्रमाणे काम थांबवितात आणि दुरुस्तीवाल्याचे घर दाखवितात.

उपाय सोपा आहे, परंतु नेमाचा आहे. इंकजेट असलेल्या शाळेत आठवड्यातून एकदा, सर्व रंग असलेले एखादे पान छापावे. सुटीत गावात राहणाऱ्या कोणा सहकाऱ्याकडे हे काम सोपवावे. यंत्र बंद करताना भिंतीवरचे बटण एकदम दाबू नये. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने ते बंद केले म्हणजे छपाईचा भाग आपल्या जागी जाऊन बसतो आणि छिद्रांवर झाकण येते. भिंतीवरून वीज तोडली तर झाकण अर्धवट राहते व शाई वाळण्यास मोकळीक मिळते. सफाईची आज्ञा लागोपाठ दोन-तीन वेळांपेक्षा अधिक देऊ नये. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र रात्रभर तसेच ठेवावे. वाळलेली शाई पुष्कळदा तेवढ्या अवधीत मऊ होते.

तिसरा प्रकार लेझरचा. याचे मूळ १९३८ सालात सापडते. चेस्टर कार्लसन हा अमेरिकेतील पेटंटच्या कामात असलेला गृहस्थ. कागदपत्रांच्या नकला करता करता त्याचा जीव मेटाकुटीस येई. त्यातच संधिवाताने हात दुखत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्क शहराच्या अॅस्टोरिया भागात त्याने ओटो कोर्नेई या साहाय्यकासह गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विद्युतभार आणला, काचेवर लिहिलेल्या अक्षरांतून त्यावर प्रकाश टाकला आणि बारीक भुकटी पसरली. प्रकाश न पडलेल्या जागी भुकटी चिकटली व अक्षरे उमटली. त्या कृतीस पुढे ग्रीक भाषेतील ‘कोरडे लेखन’ या अर्थाचे नाव मिळाले आणि त्यावरून झेरॉक्स हे कंपनीचे नाव पडले. तालुक्याच्या गावी मूल ज्या शब्दाने नक्कल मागते, तो शब्द असा दूरवरून आलेला आहे. त्याच कंपनीतील गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७० च्या सुमारास काचेवरील अक्षरांऐवजी लेझरच्या किरणाने ड्रमवर अक्षरे रेखाटण्याची युक्ती सिद्ध केली. तोच लेझर प्रिंटर.

लेझरमध्ये ओली शाई नसते. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची अतिसूक्ष्म भुकटी. ती कागदावर बसते व सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रुळाखालून जाताना वितळून कागदास घट्ट धरते. म्हणून छापलेला कागद हातास ऊन लागतो. या घडणीचे गुण व दोष सहज ध्यानात येतील. भुकटी वाळण्याचा प्रश्न नसल्याने सुटीनंतरही यंत्र पहिल्या पानापासून नीट छापते. मात्र रूळ तापविताना ते कित्येक शे वॅट, प्रसंगी हजार वॅटच्या घरात वीज ओढते. संगणकासाठी ठेवलेल्या लहान इन्व्हर्टरवर वा यूपीएसवर लेझर प्रिंटर जोडला तर ते साधन तरी बंद पडते किंवा बिघडते. ज्या शाळेत वीज दिवसातून अनेकदा जाते, तिने ही गोष्ट खरेदीपूर्वीच विचारात घ्यावी. टोनर सांडला तर तोंडाने फुंकू नये व गरम पाण्याने पुसू नये. फुंकल्याने भुकटी श्वासात जाते आणि गरम पाण्याने ती डागासारखी चिकटते. कोरड्या फडक्याने हलकेच टिपून मग थंड पाण्याने पुसावे. छपाई फिकी पडू लागताच नवे कार्ट्रिज आणण्याची घाई नको. जुने बाहेर काढून आडवे धरून हळुवार हलविले तर आत एका बाजूस साचलेला टोनर पसरतो आणि आणखी काही पाने निघतात. ड्रम मात्र उन्हात उघडा ठेवू नये. प्रकाशानेच काम करणारी वस्तू अधिक प्रकाशाने खराब होते.

आता कागदाविषयी. प्रिंटरवर जे खापर फुटते, त्यातील बराच दोष कागदाचा असतो. ए-४ हा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. असे १६ कागद मिळून एक चौरस मीटर भरतो. रिमावर ‘७५ जीएसएम’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचे वजन ७५ ग्रॅम. त्यावरून एका कागदाचे वजन व ५०० कागदांच्या रिमाचे वजन काढण्याचे गणित वरच्या वर्गातील मुलांना घालण्याजोगे आहे. उत्तर सुमारे २ किलो ३४० ग्रॅम येते.

कागद हवेतील ओल शोषतो. कोकणात व घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणात उघडे पडलेले रीम कडांशी वळते. असा कागद यंत्रात शिरताना दोन-दोन जातो, वाकतो आणि अडकतो. म्हणून रीम मूळ वेष्टनात, जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर ठेवावे. लागेल तेवढाच कागद बाहेर काढावा, तो पत्त्यांसारखा पिंजून कडा जुळवून मग यंत्रात ठेवावा. कागद अडकला तर प्रथम वीज बंद करावी, झाकण उघडावे, आणि कागद ज्या दिशेने पुढे जातो त्या दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढावा. लेझरमध्ये आतील रूळ तापलेला असतो, तो थंड होईपर्यंत थांबावे. रागाच्या भरात हिसका दिला तर कपटा आत राहतो, आणि त्या नखाएवढ्या कपट्यापायी यंत्र तालुक्याला न्यावे लागते. यंत्र कागद ओढीतच नसेल तर बहुधा आतील रबराचा रूळ धुळीने गुळगुळीत झालेला असतो. धागे न सुटणारे फडके पाण्याने किंचित ओले करून तो पुसला की पुष्कळदा काम भागते.

येथवरचे बिघाड निसर्गाचे झाले. काही त्रास मात्र व्यापाराच्या रीतीतून येतात, तेही शिक्षकास ठाऊक असावेत. पुष्कळ उत्पादक यंत्र अगदी स्वस्त विकतात आणि नफा शाईवर काढतात. यंत्रासोबत मिळणारे पहिले कार्ट्रिज अनेकदा पूर्ण भरलेलेही नसते. कार्ट्रिजवर बसविलेली चिप दुसऱ्याची वा पुन्हा भरलेली शाई ओळखून ती नाकारू शकते. या रीतीविषयी न्यायालयांतही वाद झाले आहेत. लेक्समार्क या कंपनीने आपली कार्ट्रिजे भरून विकणाऱ्या एका लहान व्यापाऱ्याविरुद्ध पेटंटचा दावा लावला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निकाल दिला की, वस्तू एकदा विकली की तिच्यावरील पेटंटचा हक्क विक्रेत्याकडे उरत नाही. दुसरीकडे बाटलीतून शाई भरता येईल अशा टाकीच्या यंत्रांचा मार्गही खुला झाला. एप्सन कंपनीने असे यंत्र २०१० साली प्रथम इंडोनेशियात विकावयास आणले. ही यंत्रे घेताना महाग पडतात, परंतु त्यांची शाई स्वस्त असते.

यास्तव प्रिंटर घेताना यंत्राची किंमत न विचारता पानाची किंमत विचारावी. हिशेब त्रैराशिकाचाच आहे. समजा, एका यंत्राचे कार्ट्रिज ८०० रुपयांस मिळते व २०० पाने छापते. तर शाईचा खर्च पानाला ४ रुपये. दुसऱ्याचे टोनर १,२०० रुपयांस मिळते व १,५०० पाने छापते. तर खर्च पानाला ८० पैसे. वर्षाला २,००० पाने लागणाऱ्या शाळेस पहिले यंत्र ८,००० रुपयांत पडेल आणि दुसरे १,६०० रुपयांत. यंत्राच्या किमतीत वाचविलेले दोन-तीन हजार रुपये पहिल्याच वर्षी शाईत वाहून जातील. खोक्यावर पानांची जी संख्या छापलेली असते, ती ठराविक नमुना पानांवरून काढलेली असते. साध्या काळ्या छपाईत असे पान सुमारे ५ टक्केच शाईने व्यापलेले असते. मुलांची रंगीत चित्रे वा छायाचित्रे छापली तर तो आकडा झपाट्याने घटतो.

मराठीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. शाळेत टंकलेला मजकूर तालुक्याच्या दुकानी छापावयास नेला की ‘शाळा’ या शब्दाऐवजी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा गुंता उमटतो. यात प्रिंटरचा दोष नसतो. जुन्या मराठी फाँटांत प्रत्येक संस्थेने अक्षरांना आपापले संकेत दिले होते. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की अर्थच हरपतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतपद्धतीत देवनागरीस निश्चित स्थान आहे. म्हणून सर्व लेखन युनिकोडमध्येच करावे आणि छापावयास नेताना त्याची पीडीएफ प्रत करून न्यावी. तीत अक्षरांचे आकार सोबत बांधून नेता येतात.

प्रिंटरच्या त्रासातून केवळ चडफडाटच निपजतो असे नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे संगणकतज्ज्ञ काम करीत. तेथील जुन्या प्रिंटरचा कागद अडकला की तशी सूचना संबंधितांना संगणकावर मिळावी, अशी सुधारणा त्यांनी केली होती. १९८० च्या सुमारास नवा लेझर प्रिंटर आला, तोही अडके. परंतु त्याची आज्ञावली कंपनीने गुप्त ठेवली होती. ज्याच्याजवळ ती होती, त्याने वचनबद्ध असल्याचे सांगून ती देण्याचे नाकारले. यंत्र आपल्या दारी असून ते सुधारण्याची मुभा नाही, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनास लागली. १९८३ साली त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि आज्ञावली सर्वांस वाचता व सुधारता यावी या चळवळीस आरंभ झाला. भारतातही दुरुस्तीची माहिती ग्राहकास मिळावी म्हणून केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. वापरणाऱ्यास आपले यंत्र समजून घेण्याचा अधिकार आहे, हा या दोहोंतील समान धागा होय.

गावच्या शिक्षकाने यातून काय घ्यावे? त्याने आज्ञावली लिहावी अशी अपेक्षा नाही. मात्र प्रिंटरशेजारी दोऱ्याने बांधलेली एक साधी वही असावी. यंत्र केव्हा घेतले, हमी केव्हा संपते, शाई कोणत्या तारखेस भरली व तोवर किती पाने निघाली, कोणता बिघाड झाला व कशाने दुरुस्त झाला, एवढे तीत लिहावे. बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकास ही वही यंत्रासोबतच्या इंग्रजी पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडेल. यंत्राची सर्व माहिती एकाच तरुण सहकाऱ्याच्या डोक्यात राहू देऊ नये. तो रजेवर गेला की शाळेची छपाईही रजेवर जाते. रिकामी कार्ट्रिजे शाळेमागे जाळू नयेत. ती ई-कचऱ्यात मोडतात, म्हणून अधिकृत संकलनाकडेच द्यावीत.

आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलाचे कोणतेही काम प्रिंटरवाचून अडू देऊ नये. दाखल्यांचे कोरे छापील नमुने कपाटात सदैव शिल्लक असावेत आणि जनरल रजिस्टर अद्ययावत असावे. यंत्र रुसले तर सुवाच्य अक्षरात भरलेला, सही-शिक्क्याचा दाखला पालकाच्या हाती पडावा. छापील स्वाध्यायपत्रिका आली नाही म्हणून तास रिकामा जाऊ नये. फळा व खडू यांना शाई लागत नाही व वीजही लागत नाही. प्रिंटर शाळेत असावा, तो उत्तम स्थितीत असावा, त्याची निगा नेमाने व्हावी. परंतु तो शाळेचा चाकर आहे, धनी नव्हे. दारी आलेला पालक ज्या दिवशी दाखला घेऊनच परत जातो, त्या दिवशी शाळेने आपले काम केले असे समजावे, मग तो दाखला यंत्राने लिहिलेला असो वा शिक्षकाच्या हाताने.